सायलेन्सरवरचं ओलं फडकं

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर यातल्या बापाला मी जरा बरा माणूस केला असता.

तो बाप म्हणजे माझा सख्खा मामा. जे घडलं ते त्यानंच मला सांगितलं, एका बैठकीत, मान खाली घालून. आणि शेवटचं थोडं मी माझ्या कानांनी ऐकलंय. कुणाला पटो न पटो.

मागच्या वर्षीचा जानेवारी. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. ठिकाण ढोकी, आमच्या धाराशिव जिल्ह्यातली. वेळ सकाळी साडेसहाची.

हो, सकाळची. भुतं फक्त मध्यरात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं सावकाश वाचावं.

मामाचं नाव कल्याणप्पा. साखर कारखान्याच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे. तीस वर्षं तो जुन्या गाड्या दुरुस्त करतोय, आणि त्यातही सायलेन्सरचं काम म्हटलं की लोक त्याचंच नाव घेतात. इंजिनातला धूर मागच्या नळीतून बाहेर पडायच्या ऐवजी मधेच कुठून तरी फुटायला लागतो. त्याला लीकेज म्हणतात. ते नेमकं कुठं आहे हे डोळ्यांना सहसा दिसत नाही, ऐकून शोधावं लागतं. मामाचा कान त्यात तयार होता.

त्याची पद्धत ठरलेली. इंजिन चालू ठेवायचं. एकानं गाडीच्या मागं बसून ओल्या फडक्यानं सायलेन्सरचं तोंड दाबून धरायचं. धुराची वाट बंद झाली की तो भेगेतून फुसफुसत बाहेर येतो. मग दुसऱ्यानं रबरी नळीचा तुकडा कानाला लावून ती फुसफुस हुडकायची.

म्हणजे माणसं दोन लागतात.

मामाचं दुसरं माणूस होतं त्याची एकुलती एक मुलगी, राजेश्वरी. मी तिला राजाक्का म्हणायचो.

आठ वर्षांची असल्यापासून ती फडकं धरायची. शाळेला जायच्या आधी, दप्तर बाजूला ठेवून. फडकं तापायचं, हाताला चटके बसायचे. मामाच्या एका कानात नळी, दुसऱ्या कानाशी इंजिन. तिनं हाक मारली तरी त्याला ऐकू यायची नाही. म्हणून तिनंच एक खूण ठरवली. सोडू का, असं विचारायचं असलं की पत्र्यावर दोनदा ठोकायचं.

टक् टक्.

आणि मामा पुढून ओरडायचा, "थांब जरा."

पहिल्या खेपेला तो कधीच "सोड" म्हणाला नाही. मी सुट्टीत तिथं असायचो, मी पाहिलंय. तिचे तळवे लालबुंद व्हायचे. तारामती मामी खोबरेल चोळत बडबडायची, आणि मामा आल्यागेल्याला सांगायचा की माझी पोरगी लई दमाची हाय. राजाक्कालाही त्याचा अभिमान वाटायचा. मला आता त्याचाच जास्त राग येतो.

पुढं तिचं लग्न झालं. येरमाळ्याच्या गौरीशंकरशी.

गौरीशंकर तयार कपडे विकायचा. कळंब, परंडा, जिथं आठवडी बाजार असेल तिथं गठ्ठे घेऊन जायचा. त्याच्याकडं एक जुनी पांढरी व्हॅन होती, पुढच्या सीटखाली इंजिन असलेली. बॅटरी कधीही दगा द्यायची. म्हणून पहाटे तो आधी गाडी चालू करून ठेवायचा आणि मग गठ्ठे भरायचा. तोवर राजाक्का आत बसून राहायची. समोर देवीचा फोटो, फोटोपुढं रोजचा धूप. थंडी असली की काचा बंद. दुसरा कुठला वास येत असला तरी त्या धुपात कळायचा नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात तिचं डोकं दुखायला लागलं.

गाडीत बसलं की मळमळ. डोळ्यांवर झापड. हातपाय गळाल्यासारखे. बाजारात पोचून मोकळ्या हवेत तासभर गेला की सगळं ठीक. सासूनं निदान केलं की हे काम चुकवायचे चाळे आहेत. नवरा आपला गठ्ठे भरत राहिला. त्याचा तो स्वभावच आहे.

पण राजाक्का मिस्त्रीची लेक. तिनं ओळखलं होतं. तिनं बापाला फोन केला की गाडीत लीकेज आहे, सकाळी चालू केली की सीटखालून टिकटिक ऐकू येते, एकदा बघा.

गाडी तीनदा ढोकीला आली. तिन्ही वेळा मामानं नळी लावून ऐकलं.

काही नाही. एकदम साफ.

आता मामाची चूक सांगतो. येरमाळा ते ढोकी तासाभराच्या वरचा रस्ता. गाडी यायची ती तापूनच यायची. लोखंड तापलं की फुगतं, आणि बारीक फट असेल तर ती आपोआप मिटते. गार असताना फुसफुसणारं इंजिन गरम झालं की गप्प बसतं. तीस वर्षांच्या मिस्त्रीला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर त्यानं सांगितलं असतं, रात्रभर ठेवून जा, सकाळी गार असताना बघतो.

पण हा जावई होता.

जावई आला की चहा, जेवण, टॉवेल-टोपी. त्याची गाडी अडवायची नाही. त्याचा बाजार बुडवायचा नाही. त्याच्या गाडीत खोट काढायची नाही, नाहीतर पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागतं. आमच्याकडं हे कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. जावयाचा मान राखता राखता मामानं तीनदा गरम इंजिन ऐकलं आणि तीनदा गाडीला पास केलं.

तिसऱ्या खेपेला, डिसेंबरात, राजाक्का सगळ्यांसमोर बोलली.

"अप्पा, मला दोन दिस ऱ्हाऊ द्या हितं. गाडी बी ऱ्हाऊ द्या. गार असताना बघा एकडाव."

गौरीशंकर ताटावरच होता. त्यानं वर पाहिलं. मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गाडीत काय बी न्हाय," मामा म्हणाला. "तुज्या डोस्क्यात हाय सगळं. थांब जरा, सवय हुईल."

राजाक्का उठली. गाडीत बसली. बाजूची काच तिनं दोन बोटं उघडी ठेवली होती, तेवढी मामीनं पाहिली. गाडी वळणावर गेली तेव्हा ती काच बंद झालेली होती.

त्यानंतर बरोबर अकराव्या दिवशी येरमाळ्याहून फोन आला.

पहाटे नेहमीसारखी गाडी चालू करून ठेवली होती. पत्र्याच्या शेडमध्ये. त्या दिवशी धुकं होतं, म्हणून शेडचं दारही लोटलेलं. गौरीशंकर गठ्ठे बांधायला आत गेला, चहा घेतला, कुणाचा तरी फोन आला. अर्ध्या तासानं परत आला तेव्हा राजाक्का काचेला डोकं टेकून बसलेली होती. झोपल्यासारखी.

हार्टफेल, असं घरच्यांनीच ठरवलं. सगळ्यांनी मान डोलावली. चौकीतल्या कागदावर मामानं सही केली, आमची काही तक्रार नाही. पोरीचं अंग फाडायचं, पेपरात नाव यायचं, जावयाला त्रास व्हायचा, हे त्याला नको होतं. दुपारी माती झाली.

बायका एक गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होत्या. तिच्या तोंडावर लाली होती. गालावर, ओठांवर, जिवंत माणसालाही नसते अशी. एक म्हातारी म्हणाली, सवाष्ण गेली, भाग्याची गेली, म्हणून असा रंग. गाडीचा गॅस अंगात भिनून माणूस गेलं की असाच रंग येतो. हे मला नंतर कळलं. मामाला तेव्हाच कळायला हवं होतं.

मामीनं वेगळंच काही पाहिलं होतं. अंघोळ घालताना.

राजाक्काच्या उजव्या हाताची पेरं सोललेली होती.

गौरीशंकरला विचारलं तर तो म्हणाला, पत्रा वाजल्यासारखा वाटला होता खरा. पण जुनी गाडी, काही ना काही वाजतच असतं.

संक्रांतीनंतर तो ती व्हॅन ढोकीला सोडून गेला. घरात ठेवावीशी वाटत नाही, कुणी घेत असेल तर बघा, एवढंच बोलला. जेवायलाही थांबला नाही. मामानं गाडी गॅरेजात घेतली, काचा नीट बंद केल्या, शटर ओढलं.

त्या गाडीची ढोकीतली ती पहिली रात्र. ती मामाच्या दारात पहिल्यांदा गार झाली.

मामाला झोप लागलीच नाही. तांबडं फुटायच्या सुमारास तो उठून गॅरेजात गेला.

सगळ्यात आधी त्याला जाणवलं ते हे, की आवाज नाही. जानेवारीत ढोकीचा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी रात्रंदिवस वाहत असतो. त्या सकाळी एकही ट्रॅक्टर नव्हता. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

त्यानं शटर वर केलं.

व्हॅनच्या बाजूची काच... दोन बोटं उघडी होती.

आपणच विसरलो असू, असं त्यानं मनाला समजावलं. पुढं गेला. बाकीच्या काचा धुरकटल्या होत्या. दव पडलं असेल म्हणून त्यानं हात फिरवला. हात कोरडाच राहिला.

वाफ काचेच्या आतल्या बाजूला होती. रात्रभर कुणीतरी आत बसून श्वास घेतल्यासारखी.

गाडीला कुलूप होतं. चावी मामाच्या खिशात.

त्यानं दार उघडलं. आत धुपाचा जुना वास होता, बाकी कुणी नाही. तो बसला आणि चावी फिरवली.

टिक टिक टिक टिक...

सीटखालून. स्पष्ट. पोराटोरानंही ओळखावं असं.

पोरगी जे सांगत होती तेच, तसंच, त्याच जागी. त्यात कान लावण्यासारखंही काही नव्हतं. एक रात्र गाडी ठेवून घेतली असती तर पुरलं असतं.

तरी हात आपलं काम करायला लागले. त्यानं इंजिन चालूच ठेवलं, सीट वर उचलली. इंजिनावरच्या झाकणाची रबर पट्टी कुजून गेलेली. म्हणजे सगळा धूर सरळ गाडीच्या आत. पण भेग कुठं? आवाज चारी बाजूंनी आल्यासारखा वाटत होता. मागून तोंड दाबल्याशिवाय जागा सापडणार नव्हती.

फडकं भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं. महिनाभर कुणी हात न लावल्यानं वाळून पापडासारखं कडक झालेलं. आणि दुसरं माणूस नव्हतं.

मामानं तसंच नळी कानाला लावली आणि वाकला.

आणि मग...

इंजिनाचा आवाज बदलला.

एकदम दबला. मागून कुणीतरी सायलेन्सरचं तोंड धरल्यासारखा.

त्याच क्षणी नळीतून फुस्स असा आवाज कानात शिरला. सायलेन्सरची नळी इंजिनाला जोडलेली असते, तिथल्या दुसऱ्या नटापाशी. तिथला बोल्ट आतल्या आत तुटलेला, पॅकिंग जळून गेलेलं, आणि लोखंडावर काजळीची बोटभर लांब काळी रेघ. मामाला लीकेज सापडलं.

मामा तसाच वाकून राहिला. मागं वळून बघायची हिंमत होत नव्हती.

टक् टक्.

पत्र्यावर. मागच्या बाजूला.

पुढं जे झालं ते सांगताना मामा माझ्या समोर ढसाढसा रडला. तीस वर्षांची सवय. डोक्यात काही यायच्या आधीच तोंडातून शब्द गेले.

"थांब जरा."

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते.

टक् टक्.

त्याला "सोड" म्हणायचं होतं. म्हणता आलं नाही.

टक्... टक्.

या खेपेला हळू. हात थकल्यासारखा.

मग काहीच नाही. इंजिन तसंच दबून चालत राहिलं. किती वेळ, मामाला सांगता येत नाही. आणि मग एकाएकी मागची नळी मोकळी झाली, आवाज भडभडून बाहेर पडला.

मामा मागं गेला.

तिथं कुणी नव्हतं. फडकं जमिनीवर पडलेलं. ओलंचिंब, आणि त्यातून वाफ निघत होती. भिंतीपासून तिथपर्यंत जमीन कोरडी, पाण्याचा एक थेंब नाही. पाण्याची बादली उपडी, जशीच्या तशी. मागच्या पत्र्यावर धूळ बसलेली होती, आणि त्या धुळीत बोटांच्या पेरांचे ठसे. दोन-दोन करून, तीन वेळचे.

बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टर वाजायला लागले.

मामा घरात गेला. मामी चुलीपुढं होती. तो तिच्यासमोर खाली बसला आणि म्हणाला, "पोरगी खरं बोलत हुती."

मामीनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "तिला सांगायचं हुतं."

वर्ष झालं. त्या घरात त्या दोघांमध्ये जेवायला वाढलंय यापलीकडं बोलणं नाही. मामा एकदा येरमाळ्याला जाऊन जावयाला सगळं सांगून आला. गौरीशंकरनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, तुमीच तर म्हणलं हुतं की गाडीत काय न्हाय." मामा परत आला.

व्हॅन विकली नाही. मामानं तिचं पॅकिंग बदललं, बोल्ट नवा बसवला, रबर पट्टी नवी टाकली. साबणाचं पाणी सोडून बघितलं, एक बुडबुडा नाही. दुसऱ्या दिवशी गार असताना चालू केली. टिकटिक बंद.

लीकेज संपलं. बाकीचं संपलं नाही.

या जानेवारीत मी लातूरहून गावाकडं निघालो होतो. माझीही गाडी जुनी, आवाज जरा भसाडा वाटत होता. रात्री मामाकडं मुक्काम केला, सकाळी गार असताना त्यानं ती बघायला घेतली. मी दाराशी चहाचा कप घेऊन उभा होतो. गाडीच्या मागं कुणी नव्हतं. हे मी शपथेवर सांगतो, मागची बाजू मला पूर्ण दिसत होती. फडकं खिळ्याला होतं.

मामा बोनेटमध्ये वाकला, नळी कानाला लावली.

आणि माझ्या गाडीचा आवाज... दबला.

माझा कप हातातच राहिला. मी खिळ्याकडं बघितलं. फडकं तिथं नव्हतं.

टक् टक्.

मामा दचकला नाही. त्याला सवय झाली असावी, आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं. त्यानं नळी काढून ठेवली. खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं. सगळं चिडीचूप झालं.

"सोड, राजे," तो म्हणाला. अगदी हळू, लहान पोरीशी बोलावं तसं. "सोड बाई आता. हात भाजंल."

इंजिन बंद होतं. वारा नव्हता.

टक् टक्.

"कवाधरनं म्हणतोय," मामा माझ्याकडं बघून म्हणाला. "रोज म्हणतोय. थांब म्हणलेलं तिनं सगळं ऐकलं. सोड म्हणलेलं ऐकत न्हाय."

खरं सांगायचं तर मला त्याची कीव आली नाही. भीती वाटत होती, तरी आली नाही. फडकं गाडीच्या मागं पडलेलं होतं, ओलं. मी त्याला वळसा घालून गाडीत बसलो आणि निघालो. गावापर्यंत चारी काचा उघड्या ठेवल्या. थंडीनं कान बधिर झाले.

परवा बायको सहज म्हणाली, आपल्या गाडीत बसलं की हल्ली डोकं जड होतं.

गाडीत काही नाही, असं मी तिला म्हणालो नाही. त्या रात्री गाडी अंगणात गार होऊ दिली, सकाळी उठून चालू केली आणि कान देऊन उभा राहिलो. टिकटिक नव्हती. बायको दारातून विचारत होती की एवढं काय ऐकताय. तिथं ओलं फडकं दिसलं तर, म्हणून मी गाडीच्या मागच्या बाजूला जायचं टाळत होतो. तिला म्हणालो, तू आत जा, आणि आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिलो.